काकांचं पॅफ आणि विंडोज ११: वंशावळीचं जुनं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर कसं टिकवायचं?

पिंपळपान
मंडळी, जरा मदत हवी आहे. अमरावतीचे माझे मोठे काका (वय ८३, निवृत्त मुख्याध्यापक) आमच्या घराण्याची वंशावळ 'पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाइल' म्हणजे पॅफ ५.२ मध्ये ठेवतात. एक्सपीच्या काळात सुरू केलं, मग विंडोज ७ वर नेलं आणि आजतागायत तिथेच चालू होतं. तो डबा आता सुरू व्हायलाच अर्धा तास घेतो, म्हणून चुलतभावाने त्यांना नवा लॅपटॉप घेऊन दिला. त्यात अर्थातच विंडोज ११.

काकांची अट एकच: प्रोग्राम तोच हवा, कळा त्याच हव्यात, छापून येणारा तक्ताही तोच हवा. "मला नवीन काही शिकवू नका, माझ्याकडे तेवढा वेळ नाही," असं स्वच्छ सांगितलंय.

पॅफ नव्यावर चढलं, उघडतंही. पण:

सगळी नावं अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसतात. काका कृतिदेव फाँटमध्ये टाइप करतात.

डेटा जुना दिसतोय. मी प्रोग्राम फाइल्समधल्या फोल्डरातून फाइल उचलली, पण तिच्यात २०१२ नंतरचं काहीच नाही. काकूंच्या निधनाची नोंद नाही, दोन पणतवंडं गायब. जुन्या संगणकावर पॅफ उघडलं तर सगळं व्यवस्थित दिसतं! फाइल तीच, नाव तेच.

फोटो एकही येत नाही.

शिवाय भाऊ म्हणतो की हे सगळं फेकून ऑनलाइन टाकूया. काय करावं?

ता.क. एक गंमत. नावांमध्ये काका सगळीकडे ध च्या जागी घ लिहितात. आमचं आडनाव धर्माधिकारी, ते पॅफमध्ये 'घर्माघिकारी' दिसतं. विचारलं तर म्हणाले, "त्याला ध चालत नाही." मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे मी वाद घातला नाही.

शंकासुर
ध चा मा ऐकला होता. ध चा घ पहिल्यांदाच. आनंदीबाईंना नवा लॅपटॉप मिळाला वाटतं.

खिडकीवाला
पिंपळपान, आधी दुसऱ्या भानगडीचं बघू, कारण ती सगळ्यात धोक्याची आहे. जुना संगणक फॉरमॅट करू नका, कुणाला देऊ नका, भंगारवाल्याच्या नजरेलाही पडू देऊ नका.

व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने नियम केला की साध्या प्रोग्रामने प्रोग्राम फाइल्समध्ये काही लिहायचं नाही. पण एक्सपीच्या काळातले प्रोग्राम तिथेच लिहायचे. ते बंद पडू नयेत म्हणून विंडोज गुपचूप एक युक्ती करतं: प्रोग्रामला वाटतं आपण प्रोग्राम फाइल्समध्ये सेव्ह केलं, प्रत्यक्षात ती फाइल 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात जाते. पॅफमधून उघडली की तिथली ताजी फाइल उघडते. तुम्ही एक्सप्लोररमधून कॉपी केलीत की मूळ जागेवरची, एक्सपीवरून आणून ठेवलेली शिळी फाइल हाती लागते. २०१२ ला काका विंडोज ७ वर आले असणार.

जुन्या संगणकावर सी ड्राइव्ह, युजर्स, काकांचं लॉगिन, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर असं आत आत जा. ॲपडेटा लपवलेलं असतं, 'शो हिडन फाइल्स' चालू करा. किंवा सोपं: विंडोज ७ मध्ये तो पॅफचा फोल्डर उघडला की वरच्या पट्टीवर 'कंपॅटिबिलिटी फाइल्स' असं बटण दिसेल, ते दाबा.

नव्या लॅपटॉपवर ती फाइल प्रोग्राम फाइल्समध्ये अजिबात ठेवू नका. सी ड्राइव्हवर 'वंशावळ' असा साधा फोल्डर करा आणि पॅफमधून तिथलीच उघडा. डॉक्युमेंट्समध्येही नको, कारण नवीन लॅपटॉपवर डॉक्युमेंट्स बहुतेक वेळा वनड्राइव्हच्या ताब्यात असतं. डेटाबेसची फाइल उघडी असताना वर ढगात ओढाताण चालू, असं नको.

पिंपळपान
खिडकीवाला, तुम्ही देव आहात! भावाला फोन करून बघायला सांगितलं. ते बटण सापडलं, आत फाइल आहे आणि तारीख गेल्या आठवड्याची आहे. संगणक त्याने परवाच कुणाला तरी देऊन टाकायचा ठरवला होता.

अनुपमा७
बाप रे. हे वाचून मी आधी सासऱ्यांच्या टॅलीचा फोल्डर बघून आले.

लिनक्सबुवा
फाइल मिळाली ना, आता मूळ रोगावर या. पॅफ मेलेलं सॉफ्टवेअर आहे. ते मॉर्मन चर्चच्या फॅमिलीसर्च या संस्थेचं. त्यांनी १५ जुलै २०१३ पासून त्याचं वाटप आणि मदत दोन्ही बंद केलं. विंडोज ११ वर आज चालतंय ते केवळ ३२ बिट असल्यामुळे. १६ बिट असतं तर उघडलंच नसतं, कारण ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट प्रोग्राम चालवायची सोयच नाही आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. उद्या ३२ बिटची सोय काढली तर? त्यापेक्षा आत्ताच जेडकॉम (वंशावळ एका प्रोग्राममधून दुसऱ्यात न्यायची सामायिक फाइल) काढा आणि ग्रॅम्प्स या वंशावळीच्या प्रोग्राममध्ये टाका. मुक्त, फुकट, लिनक्स-विंडोज-मॅक सगळीकडे चालतं, युनिकोड पहिल्यापासून.

खिडकीवाला
बुवा, प्रश्न वाचलात का? ८३ वर्षांच्या माणसाला ग्रॅम्प्स? मला स्वतःला त्यात लग्न कुठे लावायचं ते शोधायला अर्धा दिवस लागला.

शंकासुर
लग्न लावायला अर्धाच दिवस? आमच्याकडे हॉल मिळायलाच आठ महिने लागतात.

लिनक्सबुवा
प्रश्न वाचला. काकांच्या हयातीत काकांनी पॅफ वापरावं, काहीच हरकत नाही. पण काकांनंतर ती फाइल उघडणार कोण? मी आमच्या एका नातेवाइकांची फाइल बघितली आहे. कुठल्यातरी बंद पडलेल्या कंपनीच्या प्रोग्राममधली, पासवर्ड घातलेली. बाळंतविड्यापासून बाराव्यापर्यंत सगळं आत, आणि बाहेर काढायला दार नाही. म्हणून म्हणतो, दोन्ही समांतर चालवा.

वऱ्हाडी_ठेचा
अमरावतीचे काका म्हणल्यावर आपण तर काकाच्याच पार्टीत हाओ. माणूस वीस वर्षं बसून नोंदी करते, अन् तुम्ही त्याले म्हणता हे मेलेलं हाय! फाँटचं सांगतो. कृतिदेव ०१० ची फाइल घ्या, तिच्यावर राइट क्लिक करा अन् 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' म्हणा. नुसतं डबल क्लिक करून इन्स्टॉल केलं की आताच्या विंडोजमंदी तो फाँट तुमच्या एकट्याच्याच नावावर जाते, काही जुन्या प्रोग्रामले दिसत नाही. मग पॅफच्या प्रेफरन्सेसमंदी जाऊन फाँट निवडा. आमच्याकडं डीटीपीवाल्याइकडं अजूनबी लग्नाच्या पत्रिका कृतिदेवमंदीच होतात बाप्पा.

खिडकीवाला
+१. आणि रीजन सेटिंगमध्ये 'बीटा: यूटीएफ-८' असा एक चौकोन असतो, त्यावर टिक नाही ना तेवढं बघा. ती असली तर जुन्या फाँटांची काही अक्षरं डबे होऊन येतात.

फोटोंचं: पॅफ फोटो पोटात घेत नाही, फक्त पत्ता लिहून ठेवतं. जुन्या संगणकावर ते डी ड्राइव्हवर होते का?

पिंपळपान
फाँट आला! घर्माघिकारी दिसायला लागले. :)
हो, फोटो 'डी' वर होते. नव्या लॅपटॉपला 'डी' नाहीच, एकच सी आहे.

खिडकीवाला
मग प्रत्येक फोटोचा पत्ता बदलत बसू नका. फोटो सी वर 'जुनाडी' अशा फोल्डरात टाका, आतली रचना जशीच्या तशी ठेवा. मग 'सब्स्ट' ही आज्ञा वापरून विंडोजला सांगायचं की या फोल्डरालाच 'डी' म्हण. डॉसच्या काळापासूनची आज्ञा आहे, अजून चालते. संगणक बंद केला की विसरते, म्हणून एक छोटी बॅच फाइल करून स्टार्टअपमध्ये ठेवायची. काकांना काहीच कळणार नाही, 'डी' दिसेल, फोटो दिसतील.

मोडीवाचक
धागा छान चाललाय. त्या ध आणि घ च्या प्रकरणाकडे कुणीच लक्ष दिलं नाही. पिंपळपान, एक सांगा: नोट्समध्ये, म्हणजे जिथे काका मोठा मजकूर लिहितात, तिथेही घ च आहे का?

पिंपळपान
आत्ता बघितलं. नाही! नोट्समध्ये 'धर्माधिकारी' अगदी बरोबर लिहिलंय. फक्त नावाच्या रकान्यात घ. आता मात्र मला भीती वाटायला लागली आहे.

मोडीवाचक
भिऊ नका. तुमचे काका बरोबर आहेत आणि आपण सगळे बावळट आहोत.

पॅफमध्ये, आणि जेडकॉममध्येही, नावात आडनाव कुठलं ते ओळखायला ते दोन तिरक्या रेघांमध्ये, स्लॅशांमध्ये ठेवतात. गजानन, स्लॅश, आडनाव, स्लॅश. आता कृतिदेवचा कीबोर्ड आठवा. ध कुठल्या कळीवर आहे?

वऱ्हाडी_ठेचा
स्लॅशवर! अर्धा ध स्लॅशवर अन् त्याले काना जोडला की पूरा ध. अरे देवा!!

मोडीवाचक
बरोब्बर. कृतिदेव हा काही खरा देवनागरी मजकूर नाही. आत इंग्रजी चिन्हंच असतात, फाँट फक्त त्यांना देवनागरी चेहरा देतो. धर्माधिकारीमध्ये ध दोनदा, म्हणजे दोन स्लॅश. आडनाव सुरू करणाऱ्या स्लॅशला पहिल्याच ध चा स्लॅश चिकटला की पॅफला वाटणार, आडनावाची सुरुवात झाली आणि लगेच संपलंसुद्धा. हाती शून्य आडनाव. काकांनी एकदा टाइप करून बघितलं असणार, आडनाव नाहीसं झालेलं दिसलं असणार, आणि दिसायला सगळ्यात जवळचं अक्षर निवडलं असणार. नोट्समध्ये स्लॅशला काही अर्थ नाही, म्हणून तिथे ध सुखात आहे. "त्याला ध चालत नाही" हे तंतोतंत खरं तांत्रिक उत्तर होतं.

शंकासुर
मुख्याध्यापकांनी पूर्ण गुण मिळवले. आम्ही बाकावर उभे.

लिनक्सबुवा
साष्टांग दंडवत. एवढी सुंदर चूक मी कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये पाहिली नव्हती.

पण आता युनिकोडमध्ये रूपांतर करताना ही गोष्ट अंगाशी येणार. नावांतला प्रत्येक घ आंधळेपणाने ध केला तर घनश्यामचा धनश्याम होईल आणि घाटे, घारपुरे यांची लग्नं धाटे, धारपुऱ्यांशी लागतील. आधी नावांची यादी काढा, त्यातली घ असलेली वेगळी करा आणि काकांसमोर बसून ठरवा. हे काम काका असतानाच होऊ शकतं.

जेडकॉम काढताना अक्षरसंच विचारतात, तिथे 'ॲन्सेल' निवडू नका, यूटीएफ-८ निवडा. ॲन्सेल हा ग्रंथालयांच्या सूचीसाठी केलेला जुना संच. कृतिदेव जी युरोपी चिन्हं वापरतो त्यातली काही त्यात नाहीतच, ती गळून जातात. अक्षर गळलं की मागे खूणसुद्धा राहत नाही.

आणि ती फाइल जशीच्या तशी कुठल्या कन्व्हर्टरात कोंबू नका. कन्व्हर्टरला काय, तारखेतल्या इंग्रजी महिन्यांचंही तो देवनागरी करून टाकेल आणि 'जन्म', 'मृत्यू' सांगणारे टॅगही नासतील. फक्त नावं, ठिकाणं आणि नोट्स एवढाच मजकूर बदलायचा. लांब नोट्स जेडकॉममध्ये ओळींत तोडलेल्या असतात, कधी शब्दाच्या मधोमध. त्या आधी जोडून घ्यायच्या. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते. ओळ नेमकी वेलांटीनंतर तुटली असेल तर ती लटकत राहते. पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहून देऊ शकतो, विपू (विचारपूस, म्हणजे निरोप) करा.

गोंयकार
ॲन्सेलवरून आठवलं. आमची गोष्ट उलटी. आमच्या नोंदी चर्चच्या पोर्तुगीज पुस्तकांवरून केलेल्या, त्यामुळे नावांत सगळीकडे स्वरांवर टोप्या आणि सी ला शेपटी. ॲन्सेलमध्ये टोपी आधी लिहितात आणि अक्षर नंतर, युनिकोडमध्ये अक्षर आधी आणि टोपी नंतर. एका प्रोग्रामने फाइल वाचताना ते लक्षातच घेतलं नाही, तर प्रत्येक टोपी शेजाऱ्याच्या डोक्यावर गेली. मथळ्यात संच एक लिहिलेला आणि आत दुसराच, असंही होतं. फाइल उघडली की आधी टोपीवाली चार-पाच नावं तपासायची.

मॅकवाल्यांनो, तुमच्यासाठी: २०१९ च्या कॅटलिनापासून ॲपलने ३२ बिट प्रोग्राम पूर्ण बंद केले. भावाने रात्री अपडेट केलं आणि सकाळी वंशावळीच्या चित्रावर आडवी रेघ. सांगायचं काय, अपडेटच्या आधी जेडकॉम.

न्यूजर्सीकर
उशिरा आलो, रात्र-दिवसाचा घोळ. माझे सासरे इथे डॉसवरच्या पॅफ २.३१ पासून करत आले. त्या काळी एकच फाइल नव्हती, चार असायच्या: माणसांची, लग्नांची, नावांची, नोट्सची. चारही एकत्र ठेवाव्या लागत. त्यांनी नोट्सची फाइल "मोठी आहे म्हणून" वेगळ्या फ्लॉपीवर ठेवलेली. ती कुठे आहे हा आमच्या घरातला संवेदनशील विषय आहे. डॉसबॉक्समध्ये (डॉसचे प्रोग्राम नव्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) ते पॅफ अजून मस्त चालतं. निळ्या पडद्यावर सासूबाईंचं माहेर वाचायला वेगळीच मजा येते.

पिंपळपान, तुमच्यासाठी एक मधला मार्ग आहे, कुणी सांगितला नाही म्हणून सांगतो. पॅफ ४ आणि ५ हे मुळात 'ॲन्सेस्ट्रल क्वेस्ट' या प्रोग्रामवरून तयार केलेले. इनक्लाइन सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीचा आहे तो. ॲन्सेस्ट्रल क्वेस्ट अजून चालू आहे आणि पॅफची फाइल थेट उघडतो. पडदे जवळजवळ तेच. याची एक फुकट आवृत्तीही आहे. पॅफ बंद करताना फॅमिलीसर्चने ज्यांची नावं सुचवली त्यांतलाच हा एक. काकांना सांगूही नका, नुसतं चित्र बदललंय म्हणा.

अनुपमा७
काकांना सांगू नका?? ज्या माणसाला ध ची भानगड एकट्याने कळली त्याला?

न्यूजर्सीकर
मुद्दा मान्य. सांगा.

बांधावरचा
जरा विषयांतर. ही सॉफ्टवेअरमधली वंशावळ जात पडताळणीला चालते का? आमच्याकडे २०२३ पासून सगळे कुणबी नोंदी शोधायच्या मागे आहेत, आणि वंशावळ, वंशावळ असं सगळे म्हणतात.

मोडीवाचक
नुसता तक्ता पुरावा होत नाही. अर्जासोबत वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते आणि तिच्यातल्या प्रत्येक पिढीला जोडणारा कागद लागतो: शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचे हक्काचे कागद. कोतवाल बुकाची नक्कल म्हणजे गाव नमुना १४ फार उपयोगी पडते. जुन्या नोंदी मोडीत असतात, त्या वाचून लिप्यंतर करून घ्याव्या लागतात. सॉफ्टवेअरचा फायदा एवढाच की कुठला कागद कुणाचा आणि कुठली पिढी कोरी आहे हे लगेच दिसतं. म्हणून प्रत्येक नोंदीला 'सोर्स' लिहायची सवय ठेवा. "आत्याने सांगितलं" हाही सोर्सच, तोही लिहा.

वऱ्हाडी_ठेचा
आत्याच्या वरचा सोर्स नाही.

शेवंती
सोर्सचा विषय निघालाच आहे तर. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. त्यात पुरुषांना अर्धं अर्धं पान: शिक्षण, नोकरी, तीर्थयात्रा. बायकांचं एका ओळीत 'भार्या अमुक' आणि मुलींचं नुसतं 'कन्या २'. त्या दोन कन्यांपैकी एक माझी पणजी. तिचं नाव आम्ही शोधून काढलं ते त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपडीतून, तीसुद्धा तिच्या नवऱ्याच्या बाजूने गेलो म्हणून.

सॉफ्टवेअरची एक गोष्ट मला फार आवडली. ते बाईलाही पूर्ण माणूस मानतं. तिला स्वतंत्र क्रमांक, तिचे आई-वडील, तिचं जन्मगाव. लग्नात बदललेलं नाव वेगळ्या रकान्यात. माहेरच्या नावाने शोधा किंवा सासरच्या, ती सापडते. पिंपळपान, जेडकॉम काढलं की सगळ्यात आधी बायकांची लग्नानंतरची नावं आली का ते बघा. पॅफ ती स्वतःच्या खास टॅगमध्ये लिहितं. ग्रॅम्प्सला तो कळतो, पण काही प्रोग्राम असे परके टॅग सरळ टाकून देतात. पुरुषांच्या नोंदी ठीक दिसतात म्हणून कुणी तपासतही नाही.

लिनक्सबुवा
शेवंती, फार महत्त्वाचं. दत्तकाचंही तसंच बघा. पॅफमध्ये मुलाला दोन्ही आई-बाप जोडता येतात आणि नातं 'दत्तक' असं लिहिता येतं. नवीन प्रोग्रामात गेल्यावर दोन्ही जोड्या शाबूत आहेत का, आणि 'दत्तक' हा शब्द जनकांच्या बाजूला तर चिकटला नाही ना.

पिंपळपान
आमच्यात दोन दत्तक आहेत, बघते. बरं, काकांनी आज फोनवर नवीनच सांगितलं. पॅफमध्ये एक 'पॉसिबल प्रॉब्लेम्स'चा अहवाल निघतो. तो त्यांनी कधीच कुणाला दाखवला नाही कारण त्यात लिहिलंय की आमच्या एका पूर्वजांचा जन्म त्यांच्या वडिलांच्या ५६ वर्षं आधी झाला!

शंकासुर
याला म्हणतात बाप से बेटा सवाई.

मोडीवाचक
जन्मसाल १७८२ आहे का?

पिंपळपान
हो!! वडिलांचं १८३८. कसं ओळखलंत?

मोडीवाचक
शके १७८२ आहे ते. ७८ मिळवा, १८६० आलं. वडील बावीस वर्षांचे, सगळं रीतसर. जन्म पौष-माघ-फाल्गुनातला असेल तर इसवी सन एकाने पुढचंही असू शकतं, म्हणून तिथी असेल तर ती टाकू नका. जेडकॉममध्ये ज्यू पंचांग आहे, फ्रेंच क्रांतीतलं पंचांगसुद्धा आहे, पण शालिवाहन शक नाही. ग्रॅम्प्समध्येही नाही. तारखेच्या रकान्यात इसवी सन आणि नोट्समध्ये मूळ नोंद जशीच्या तशी, हा उपाय. वऱ्हाडातली जुनी कागदपत्रं असतील तर फसली सनही सापडेल. त्यात ५९० मिळवायचे.

अनुपमा७
ऑनलाइन टाकायचं म्हणणाऱ्या भावाचं काय झालं? माझं मत: हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव असं सगळं उघड्यावर टाकू नये. अजूनही कुठे कुठे ओळख पटवायला हेच प्रश्न विचारतात.

न्यूजर्सीकर
असहमत, थोडासा. आमची चुलत शाखा ऑनलाइन झाडामुळेच सापडली, इंदूरची. बहुतेक ठिकाणी हयात व्यक्ती लपवायची सोय असते. मृतांचं टाका, जिवंतांचं घरात ठेवा.

खिडकीवाला
आणि ऑनलाइन म्हणजे बॅकअप नव्हे. सेवा बंद होतात, वर्गणी संपते.

पिंपळपान
वृत्तांत देते. शनिवार-रविवार अमरावतीला जाऊन आले.

पॅफ विंडोज ११ वर चालतंय, ताजी फाइल, कृतिदेव, सब्स्टवाला 'डी', सगळं. काकांनी उघडून आधी काकूंचं पान काढलं, मग "ठीक आहे" म्हणाले. आमच्याकडे ही फार मोठी शाबासकी असते. ॲन्सेस्ट्रल क्वेस्टही दाखवलं. पाच मिनिटं बघून म्हणाले, "हे पॅफच आहे, बटणं जास्त आहेत," आणि बंद केलं.

मोडीवाचकांचा स्लॅशचा खुलासा वाचून दाखवला. त्यांनी कपाटातून एक वही काढली. त्यात पहिल्याच पानावर लिहिलंय: 'नावात ध, ध्य, ध्व, द्ध टाळणे. घ वापरणे. अपवाद मागील पानावर.' मागच्या पानावर खऱ्या घ च्या माणसांची यादी, क्रमांकांसह! लिनक्सबुवा, तुमची यादी वीस वर्षांपूर्वीच तयार आहे. मी वहीचे फोटो काढलेत. पुढच्या पानांवर शके सालंही आहेत, पण ते मोडीवाचकांना विपू करते. जेडकॉमही काढलं, यूटीएफ-८ मध्ये.

लिनक्सबुवा
'द्ध' काहून टाळलाय? कृतिदेवमध्ये द्ध ला वेगळं चिन्ह आहे, स्लॅश नाही.

वऱ्हाडी_ठेचा
बुवा 'काहून' म्हणाले! धागा सार्थकी लागला. अन् काका मुख्याध्यापक हायेत, नियम सरसकट असते.

लिनक्सबुवा
तुमच्याच संगतीचा परिणाम. पिंपळपान, फोटो आणि जेडकॉम पाठवा, पण जेडकॉममधून हयात लोक वगळून. त्यांच्यासाठी स्क्रिप्ट तुमच्याच संगणकावर चालवा. यादीत क्रमांक आहेत म्हणजे काम सोपं, फक्त निर्यातीत पॅफचे क्रमांक तेच राहिलेत का हे चार-पाच नावांवर ताडून बघा.

शेवंती
आणि लग्नानंतरची नावं?

पिंपळपान
आली आहेत, सगळी तपासली. एक मात्र अडकलंय. एका पणजीचं माहेरचं आडनाव काकांनी 'घोंडे' लिहिलंय आणि ती मागच्या पानावरच्या यादीत नाही. म्हणजे नियमाने धोंडे. पण काकांची आत्या 'घोडे' म्हणायची म्हणे.

मोडीवाचक
गाव कुठलं? तिथलं कोतवाल बुक बघू.

पिंपळपान
दर्यापूर तालुका. गावाचं नाव विपूत देते.

फ्लॉपीबहाद्दर
नमस्कार, नवीन सभासद. माझ्याकडे वडिलांच्या पाच-सहा फ्लॉप्या आहेत, वर 'वंश' लिहिलंय. त्या कशा वाचायच्या?

खिडकीवाला
यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, साडेतीन इंची असतील तर. आधी प्रत्येकीचा कोपऱ्यातला छोटा खटका सरकवून राइट-प्रोटेक्ट करा आणि बुरशी दिसली तर ड्राइव्हमध्ये घालू नका. बाकी नवा धागा काढा, इथे घोंडे-धोंडे चालू आहे.